पिवळ्या गाडीतली खीर

भाऊ न बोलवता बहिणीच्या दारात आला की समजून जायचं, ह्येच्या पिशवीत कागद हाय. ह्ये माजं म्हणणं न्हाई, आमच्या शेजारच्या बनुबाईचं हाय, आन् तिला तसं बोलायचा हक्क हाय. तिच्या भावानं तिला गाडी करून देवदर्शनाला न्हेलं. वाटंत उसाचा रस पाजला, नवं लुगडं घेतलं, ताई-ताई करून नुसता जीव घेतला. आन् परत येताना तालुक्याच्या कचेरीपुढं गाडी थांबवली. म्हणला, दोन मिन्टाचं काम हाय. त्या दोन मिन्टात बनुबाईनं बापाच्या जमिनीतला आपला हक्क सोडून दिला. त्येच्यानंतर त्यो भाऊबीजंला बी फिरकला न्हाई. बनुबाई अजून दिवाळीत ओवाळणीचं ताट करून ठिवती आन् मग निरांजन आपणच विझवती.

तवा माजा धाकटा भाऊ नाथाजी एक दिवस सकाळच्या पारी कुंडलहून निघून वडूजला माज्या दारात पिवळी गाडी घिऊन उभा राह्यला, तसं मी आधी त्येच्या पिशवीकडं बघितलं.

गाडी कसली, शाळंची पोरं न्ह्यायची जुनी खटारी. बाजूवरचं शाळंचं नाव खरवडून काढल्यालं, पण मागं 'सावकाश, मुले आहेत' ह्ये तसंच व्हतं. आतली बाकडी काढून त्येनं एका अंगाला फळ्यांची लांब बैठक केल्याली, त्येच्याखाली खण. दुसऱ्या अंगाला कट्टा, कट्ट्यावर शेगडी, खाली छोटा सिलेंडर. पाण्याच्या पिंपाला तोटी. कढई, तवा, कुकर, सगळं आकड्यांना टांगल्यालं. ड्रायव्हरच्या म्होरं यमाईचा चांदीचा टाक बसवल्याला.

"आक्का, चल," नाथा म्हणला. "म्हसवड करू, खरसुंडी करू, येताना औंधला यमाईला जाऊ. गाडीतच ऱ्हायाचं, गाडीतच शिजवून खायाचं."

"कशाला?" मी इचारलं.

"कशाला म्हंजे? फिरायला."

आता तुमीच सांगा. आमच्या घराण्यात नुसतं फिरायला कोण गेलंय का कवा? बाजाराला गेलो, मयताला गेलो, लग्नाला गेलो. फिरायला? आन् त्येच्या आदल्याच दिवशी नाथाच्या पोराचा, विश्वजीतचा फोन आल्याला. "आत्ती, आप्पा येत्यात तुमच्याकडं. त्यास्नी जरा सांभाळून घ्या. आन् त्यांच्याजवळ एक कागद दिलाय, तेवढा बघा."

तेवढा बघा! एरवी ह्या पोराला आत्ती जिती हाय का मेली ह्येची खबर नसती.

आमचं मालक वट्यावर बसून ऐकत व्हतं. म्हणलं, "जा की. घराला बी चार दिस शांतता." त्यांचं काय जातंय? पेच माजा व्हता. सई दिली तर जमिनीसंगं माहेर गेलं, बनुबाईचं गेलं तसं. आन् न्हाई म्हटलं तर भाऊ गेला. आईबाप मागंच गेल्यालं. पाठचा म्हणावा असा ह्यो एकच, आन् ह्यो एकच राखायचा तर कसा राखायचा, ह्येच मला कळंना.

मग मी एक डोकं लढवलं. चष्मा देवळीत ठिवून दिला. चष्मा न्हाई तर वाचता येत न्हाई, आन् वाचल्याबिगर रंगूबाई कुठंच सई करत न्हाई. दोन लुगडी पिशवीत घातली आन् डोळ्यांत तेल घालून गाडीत बसले.

तुमी म्हणाल, भाऊ असा वाईट व्हता का? आवं, वाईट कुठला. नाथा म्हंजे आमच्या घरातलं सगळ्यात मऊ माणूस. आई शेतावर गेली की चुलीपुढं मी बसायचं ते ह्यो बसायचा. मला भाकरी थापायचा कंटाळा, आन् ह्येच्या भाकरीला पापुद्रा असा सुटायचा की आईला वाटायचं मीच केल्या. मी बी तसं वाटू द्यायची. फुडं त्यो मिल्ट्रीत भरती झाला. गावात सगळ्यांची पोरं बंदूक धरायला गेली, आमचा नाथा लंगरात पळी धरून उभा. बर्फात, वाळवंटात, जिथं पलटण तिथं त्येची चूल. सुट्टीवर आला की म्हणायचा, "आक्का, माणूस घरापासनं लांब असला ना, की त्येला मीठ कमी झाल्यालं लगेच कळतं." आमटीतलं थेंबभर पळीनं तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळं बारीक करायचा आन् मग चिमूट टाकायचा. ती चिमूट कवा चुकली न्हाई.

पेन्शनीवर आला तसा गावात लग्न असू दे, बारसं असू दे, नाथाजीलाच बोलवणं. त्येची बायको वारली तवर ह्ये चाललं व्हतं. मग करोना आला, त्यात त्यो बी लय दिवस तापानं पडला. उठला, पण उठल्यावर शिजवायला हात आखडता घेतला. कुणाच्या लग्नात जाईना, घरातल्या चुलीपाशी जाईना. सुनंच्या हातचं गप खायाचा. आन् मग एक दिवस ही शाळंची गाडी घेतली आन् महिन्यातनं एकदा-दोनदा कुठंतरी गायब. कुठं, ते कुणालाच सांगत नव्हता. गावात लोक काय काय बोलली. कोण म्हणलं, बाई ठिवलीया. कोण म्हणलं, बुवाच्या नादी लागलाय. आता मला ती गाडी आतनं बघायला मिळत व्हती, म्हणून मी बी बारीक नजर ठिवून बसले.

गोंदवल्याच्या फुडं एका बाभळीखाली त्येनं पहिली गाडी लावली. चाकांना दगड लावलं, मगच शेगडी पेटवली. चालत्या गाडीत काय बी शिजवायचं न्हाई, ह्यो त्येचा नियम. चालत्या गाडीत फक्त भिजवायचं. मटकी ओल्या फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला लटकवल्याली. वाऱ्यानं फडकं वाळतं म्हणून जिथं नळ दिसंल तिथं उतरून ओलं करायचा, आन् संध्याकाळपर्यंत मटकीला मोड. एका डब्यात खपली गहू भिजत घातल्याला. मी मनात म्हटलं, माणूस काम तर नेटानं करतोय.

पिठलं-भाकरी केली. त्येनं भाकरी थापली, मी बघत बसले. पिठल्याला उकळी आली, पण त्येनं पळी तळहाताला लावली न्हाई.

"चाख की रं," मी म्हटलं.

"नैवेद्य दाखवायचाय, आक्का. त्येच्याआधी चाखत न्हाईत."

आगं बया! ह्यो नाथा, लहानपणी देवापुढचा गूळ देवाच्या आधी खाणारा, ह्यो आता नैवेद्य दाखवतोय! गावातलं बुवाचं बोलणं खरं का काय, अशी मला शंका आली. त्येनं छोट्या ताटलीत पिठलं-भाकरी वाढली, यमाईच्या टाकापुढं पाणी फिरवलं, मग माजं ताट माज्या म्होरं केलं आन् आपण न जेवता माज्या तोंडाकडं बघत बसला.

पिठल्यात मीठच नव्हतं. नावाला बी न्हाई.

"कसं झालंय?" त्येनं इचारलं.

"बरं हाय," मी म्हटलं.

मी का बोलले न्हाई, ते सांगते. माणूस बोलायला लागलं की पातळ हुतं. पिठल्याला आधी नावं ठिवायची, मग हसायचं, मग जुन्या गोष्टी निघायच्या, आन् जुन्या गोष्टींच्या मागनं कागद निघायचा. बनुबाईचं तसंच झाल्यालं. म्हणून मी ठरवलं व्हतं, तोंडाला कुलूप. बरं हाय, चालतंय, झालं. फुडं बोलायचं न्हाई.

त्येनं बी दोन घास खाल्लं. अळणी पिठलं, पण कपाळाला आठी न्हाई. खाऊन झाल्यावर वाटीत खीर दिली, खपलीची. आमची आई करायची तसली. गहू ओलवून कुटायचा, कोंडा पाखडायचा, मग भिजवून शिजवायचा आन् गूळ घालायचा. त्येनं कुटल्याला गहू घरनंच आणल्याला. खीर म्होरं ठिवली आन् पुन्हा माज्या तोंडाकडं टक लावून बघाय लागला.

"आईसारखी झालीया का?"

इथंच माजा संशय पक्का झाला. आई काढली! बनुबाईच्या भावानं बी आईच काढली व्हती. खिरीत सुंठ एवढी की घसा जळत व्हता. मी वाटी पुसून खाल्ली आन् म्हटलं, "चालतीया."

त्येनं खाली मान घालून रिकामी वाटी उचलली. मग भांडी घासायला उतरला. मला वाटलं, डाव फसला म्हणून तोंड पडलंय.

म्हसवडात सिद्धनाथाच्या दर्शनाला गेलो. परत आल्यावर मुगाची खिचडी. ह्या टायमाला मीठ असं की जिभंला चरे पडावं. आदल्या दिशी अळणी, आज खारट! ज्येच्या हाताची चिमूट पलटणीत चुकली न्हाई त्येचा हात असा? आन् त्यो स्वतः तीच खिचडी शांतपणी खातोय! मी त्येच्याकडं तिरक्या नजरंनं बघत घास गिळत व्हते. मनात खोट असली की माणसाचं ध्यान ताटात ऱ्हात न्हाई, ह्ये मला ठावं हाय. मला वाटलं, ह्येचं सगळं ध्यान कागदात हाय.

खिचडीनंतर पुन्हा खीर. ह्या खेपंला सुंठ कमी, जायफळ जास्त. पुन्हा ते टक लावून बघणं, पुन्हा "आईसारखी झालीया का?" आन् पुन्हा माजं "चालतीया."

रोज खीर. सकाळी सांजा, दुपारी भाकरी-कोरड्यास, एकदा भरीत, एकदा मटकीची उसळ, पण शेवटाला खीर ठरल्याली. गोड-गोड खायला घालून माणसाला मऊ करायचं, आन् मग सईला बसवायचं. मी खीर खायची आन् मनात म्हणायची, घाल बाबा किती घालायची ती, रंगूबाई मऊ हुणार न्हाई.

खरसुंडीला तर कमाल झाली. गावाबाहेर मोकळ्या रानात गाडी लावल्याली. बिरदेव नावाचा एक मेंढका मेंढरं घिऊन चालल्याला. नाथानं त्येला हाक मारून बसवलं, खिरीची वाटी दिली. ओळख न्हाई, पाळख न्हाई! आन् त्येच्या बी तोंडाकडं तसंच बघत बसला.

"गूळ बरोबर हाय का? खरं सांग गड्या."

"झ्याक झालीया," बिरदेव म्हणला. फुकटची खीर खाणारा दुसरं काय म्हणंल?

तर नाथाचं तोंड एवढंसं झालं. कौतुक केल्यावर माणूस खूश हुतो का न्हाई? ह्यो हिरमुसला. मी इचार केला, केला, आन् एकदम माज्या डोक्यात उजेड पडला. सईला साक्षीदार लागत्यात! ह्यो वाटंवर साक्षीदार हुडकतोय! मी बिरदेवाला लगेच इचारलं, "तुमाला सई करता येती का?" त्यो बिचारा गडबडला. म्हणला, "न्हाई बा, अंगठा." मी म्हटलं, "मग जावा आता, मेंढरं लांब गेली." नाथा माज्याकडं येड्यावाणी बघाय लागला.

तिथनं विट्यावरनं मायणीला आलो. तळ्याच्या काठाला गाडी लावून मुक्काम केला. सकाळी मला जाग आली ती वासानं. असा घाण, डोक्यात जाणारा वास. मी बैठकीवरनं उठून बघते तर नाथा शेगडीपुढं बसल्याला, चहाचं आधण ठिवल्यालं, आन् हातात काडीपेटी. काडी पेटीवर टेकवल्याली. गाडीची सगळी दारं बंद, आन् आख्खी गाडी गॅसनं भरल्याली.

मी कशी उडी मारली मलाच ठावं न्हाई. त्येच्या हातावर अशी चापट मारली की पेटी जाऊन ड्रायव्हरच्या शीटखाली पडली. सिलेंडरची चावी फिरवली, दार लोटलं, त्येच्या बखोटीला धरून त्येला बाहीर वढला. तवा माज्या मनात काय आलं ते सांगते, लपवत न्हाई. माज्या मनात आलं, सई मिळंना म्हणून ह्यो मला जाळायला निघाला.

"मुडद्या!" मी वरडले. "मारतोस का काय मला?"

"काय झालं?" त्यो म्हणला.

"काय झालं? गॅस सुटलाय! नाकाला वास येत न्हाई व्हय रं तुला?"

त्येनं गाडीच्या दाराकडं वळून नाक वर करून दोन-तीनदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग माज्याकडं बघितलं, आन् त्येचं तोंड बघून माजा राग जागच्या जागी थांबला. असं भ्याल्यालं तोंड मी त्येचं लहानपणी बी बघितलं नव्हतं.

"न्हाई येत," त्यो म्हणला.

"काय?"

"वास न्हाई येत, आक्का. चव बी न्हाई. त्या तापात गेली ती आलीच न्हाई. गोड न्हाई, खारट न्हाई, काय न्हाई. तोंडात नुसतं गरम आन् गार कळतं."

आन् त्यो तिथंच तळ्याच्या काठाला चिखलात बसला, आन् रडला. पेन्शनर माणूस, चिखलात बसून तोंडावर टॉवेल धरून रडला. मी त्येच्या शेजारी बसले. अळणी पिठलं, खारट खिचडी, घसा जाळणारी सुंठ, सगळं माज्या डोळ्यांपुढनं गेलं. ज्येच्या हाताच्या चिमटीवर पलटण जेवली, त्येच्या जिभंला आता मीठ कळत नव्हतं. मला त्येची लय दया आली, आन् दयेबरुबर राग बी आला.

"सांगायला तोंड नव्हतं व्हय?" मी म्हटलं. "एवढी वर्सं उरात घिऊन बसलास! डॉक्टरला दाखवलंस का?"

"दाखवलं. कराडला दाखवलं, सांगलीला दाखवलं. म्हणत्यात, येईल तर येईल. घरात कुणाला सांगू? सूनबाईला? गावात कळलं तर म्हणतील, नाथाजी आचारी आन् जीभ मेल्याली. म्हणून ही गाडी केली. लांब जायाचं, वळखीचं कोण न्हाई तिथं शिजवायचं, वाटसराला वाढायचं आन् त्येच्या तोंडावरनं वळखायचं काय कमी-जास्त झालंय ते. नैवेद्याचं निमित्त केलं की कोण इचारत न्हाई, चाखलं का न्हाई म्हणून."

"मग वळखता येतं का?"

"कुठलं येतंय? फुकट खाणारा सगळ्यालाच झ्याक म्हणतो."

"आन् मला कशाला आणलंस?"

त्येनं टॉवेलनं नाक पुसलं. "खिरीसाठनं. आईच्या खिरीची चव माज्या ध्यानातनं निघून चाललीया, आक्का. पहिल्यांदा आठवायची. डोळं मिटलं की यायची. आता डोळं मिटून बी येत न्हाई. ती खीर खाल्ल्याली माणसं आता दोनच, तू आन् मी. त्यात माजी जीभ गेली. म्हटलं, आक्काच्या जिभंवर ती खीर अजून असंल, तर तिच्या जिभंनं एकदा पुन्हा करून घ्यावी. प्रमाण एकदा हाताला बसलं की मग जिभंची गरज न्हाई."

"मग सरळ इचारायचं!"

"सरळ सांगितलं असतं तर तुला माजी कीव आली असती, आन् तू बी त्या बिरदेवासारखी झ्याक म्हणली असतीस. म्हटलं, न सांगता वाढावं. आमची आक्का लहानपणापासनं तोंडावर बोलणारी. भाकरी करपली तर देवाला बी सांगंल. तर तू वडूज सोडल्यापासनं तोंडच उघडलं न्हाईस! बरं हाय, चालतंय. मला वाटलं, जिभंसंगं माजी आक्का बी गेली."

मी उठले, गाडीत जाऊन वास गेलाय का बघितलं. नळी शेगडीपाशी सैल झाल्याली. ती नीट बसवली. मग बाहीर येऊन कमरंवर हात ठिवून इचारलं. इचारल्याबिगर मला ऱ्हाववंना.

"विश्वानं दिल्याला कागद कुठाय?"

"त्यो? मागच्या खणात हाय. कांद्याखाली पसरलाय. खणाला ओल येती."

मी जाऊन खण उघडला. खरंच की! चांगला जाड कागद, त्येच्यावर कांदं, लसूण आन् एक सुकल्यालं आलं. ओलीनं कागद फुगल्याला, शाई पसरल्याली. मी उलटापालटा करून बघितला, पण मला एक अक्षर लागंना.

"चष्मा घरी ऱ्हायलाय माजा," मी म्हटलं.

"ऱ्हायला न्हाई, तू ठिवलास," नाथा दारातनं म्हणला. "देवळीत ठिवताना मी बघितलं की."

माजं तर तोंड खर्कन उतरलं. "म्हंजे तुला ठावं व्हतं, माज्या मनात काय हाय ते?"

"तुजा भाऊ हाय मी, आक्का."

"मग बोलला का न्हाईस?"

"म्हटलं, भिऊन का हुईना, आली तर खरी." मग जरा थांबून म्हणला, "विश्वाला मी सांगितलंय. बापाच्या जमिनीत आक्काचं हाय ते आक्काचं हाय, त्येचं नाव माज्यापुढं काढायचं न्हाई. त्येनं तरी कागद गाडीत टाकला. म्हटलं, टाक. कांद्याला बरा हाय."

त्या दिवशी चहा मी केला. त्यो गाडीच्या पायरीवर बसून प्याला. "साखर किती घातलीस?" म्हणून त्येनं इचारलं, आन् मी सांगितलं. मग दोघांनी मिळून चाकांचं दगड काढलं आन् औंधची वाट धरली.

औंधला यमाईच्या डोंगराखाली झाडाच्या सावलीत गाडी लावली. आमच्या आईचं माहेर औंधचं. लहानपणी बैलगाडीनं यायचो ते हितंच कुठंतरी गाडी सोडायचो. तीन दगडांची चूल मांडून आई खीर करायची. नैवेद्याची खीर, म्हणून तिनं ती कवाच शिजताना चाखली न्हाई. नैवेद्य दाखवायची, पहिली वाटी थोरली म्हणून मला द्यायची आन् माज्या तोंडाकडं बघायची. ह्ये मला आठवलं ते नाथा माज्या म्होरं वाटी घिऊन बसला तवा.

"आई तरी कुठं चाखायची?" त्यो म्हणला. "तुज्या तोंडाकडंच बघायची. आता सांग."

डोंगराकडं हात जोडून मी पहिला घास घेतला. गहू मऊ शिजल्याला, दाताखाली जरा फुटणारा. सुंठ बेताची. त्या घासासंगं मला आईचा पदर आठवला, धुरानं लाल झाल्यालं तिचं डोळं आठवलं, आन् माज्या डोळ्यांत पाणी आलं. नाथानं ते बघितलं.

"झाली?" त्यो म्हणला. "आक्का, झाली का गं आईसारखी?"

झाली म्हणायला काय लागत व्हतं? एक शब्द. त्येला जन्मात कळलं नसतं. पुन्हा कधी कळायची सोय बी नव्हती. त्यो माज्याकडं असा बघत व्हता की कुणाच्या बी तोंडातनं 'झाली' असंच आलं असतं. पर एवढे दिस मी त्येच्यावर इस्वास ठिवला नव्हता, आन् आता त्येला आख्खा इस्वास माज्यावरच ठिवायचा व्हता. त्येच्याजवळ दुसरं काय ऱ्हायलंच नव्हतं.

मी वाटी खाली ठिवली.

"न्हाई झाली," मी म्हटलं. "गूळ कमी हाय. खोबरं तू कच्चंच टाकलंयस, आई भाजून टाकायची. आन् बडीशेप आक्खी टाकलीयास मेल्या, दातात अडकतीया. आई ती भरडून घालायची."

त्यो हसला. आख्ख्या वाटंत त्यो हसला नव्हता, त्यो असा हसला की डोळ्यांतनं पाणी गालावर आलं.

"आता आली माजी आक्का," त्यो म्हणला.

उठून गेला, खलबत्ता आणला, बडीशेप माज्या म्होरं ठिवली. कढईत खोबरं टाकलं, गुळाची ढेप घिऊन बसला. शेगडी मी पेटवली. खोबरं त्यो हलवत व्हता, पण कवा उतरवायचं ते मी सांगत व्हते. मग मी बडीशेप भरडाय लागले, आन् दोन घावांतच तिचा वास गाडीभर झाला.

"सुटला का वास?" त्येनं इचारलं.

"सुटला."

"आईच्या चुलीचा येतोय का?"

मी हात थांबवून नीट वास घेतला. "येतोय," मी म्हटलं.

त्येनं माज्या तोंडाकडं बघितलं न्हाई, काय न्हाई. माज्या शब्दावर गुळाचा खडा फोडला आन् खिरीत टाकला.